नित्याच्या वस्तू आणि ऋतूचा वाचक

१

कविता, कथा आणि कादंबरी या वाङ्मयप्रकारांच्या संदर्भात मराठी समीक्षेने वाचकाचा थोडाफार विचार केला आहे. ललित गद्याच्या बाबतीत मात्र तो फारसा झालेला नाही. सूप, पाटा-वरवंटा, छत्री, चहाचा कप, दारातली तुळस अशा नित्याच्या वस्तूंविषयीचे गद्य 'प्रसन्न', 'खुसखुशीत', 'हलकेफुलके' या विशेषणांनी गौरवले गेले, आणि पुष्कळदा त्याच विशेषणांनी बाजूलाही सारले गेले. गौरव आणि उपेक्षा या दोन्हींमागचे गृहीत एकच होते. वस्तू मुळात क्षुल्लक आहे. तिला जे मोल येते ते लेखकाच्या प्रतिभेमुळे, असे ते गृहीत. पण ती वस्तू नित्याची, म्हणजे नेमकी कोणाच्या नित्याची, हा प्रश्न त्यामुळे उपस्थितच झाला नाही.

नित्यपणा हा वस्तूचा गुणधर्म नाही. वस्तू आणि तिच्याविषयी वाचणारे मंडळ यांच्यातील तो संबंध आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. मराठीत हे मंडळ दीर्घकाळ ऋतूशी बांधलेले राहिले. वर्षातील ठरावीक काळात, ठरावीक प्रकारचे वाङ्मय, एकमेकांना कमीअधिक ओळखणाऱ्या माणसांनी वाचावे किंवा ऐकावे, अशा व्यवस्थेला येथे 'ऋतुनिबद्ध वाचकमंडळ' म्हटले आहे. चातुर्मासातील पोथी, श्रावणातील कहाणी, दिवाळी अंकांची ग्रंथालयीन योजना ही त्याची परिचित रूपे होत. अमेरिकन समीक्षक स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये ग्रंथरूपाने मांडलेली अन्वयार्थक समुदायाची कल्पना येथे आठवेल. परंतु फिश यांचा समुदाय अन्वयाच्या समान रीतींनी एकत्र आलेला असतो. त्याला पंचांग नसते, वर्गणी नसते आणि बसायला ओटीही नसते. ऋतुनिबद्ध मंडळाला या तिन्ही गोष्टी असतात आणि त्यांचा परिणाम वस्तूच्या अर्थावर होतो. हा परिणाम मंडळागणिक कसा बदलत गेला, ते पाहिले म्हणजे ललित गद्याच्या मूल्यमापनात काय सुटून गेले, हेही स्पष्ट होईल.

२

श्रावणातील कहाणी हे या मंडळाचे जुने रूप. कहाणीला वार ठरलेला असतो. सोमवारची, शुक्रवारची, आदित्यराणूबाईची अशी तिची वाटणी असते. ऐकणाऱ्या हातात अक्षता घेऊन बसतात. आरंभी देवतेलाच श्रोता म्हणून पाचारण केले जाते. आपलीच गोष्ट तिने भक्तांच्या तोंडून ऐकावी, अशी ही योजना असते. नगर आटपाट असते, राजाला नाव नसते, काळाचा निर्देश नसतो. परंतु या नाव-गाव नसलेल्या जगात वस्तू मात्र अत्यंत नेमक्या असतात.

खुलभर दुधाची कहाणी या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजा गावातील सगळे दूध देवळात आणण्याची आज्ञा देतो. घरोघरचे दूध आणून ओतले जाते, तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र घरचे काम आटोपते, मुलाबाळांना दूध देते, वासरांना पाजते, घरातल्यांना तृप्त करते आणि उरलेले खुलाभर दूध घेऊन दुपारी देवळात जाते. तेवढ्याने गाभारा भरतो. राजाने कारण विचारल्यावर ती सांगते की त्याच्या आज्ञेमुळे मुले आणि वासरे उपाशी राहिली, त्यांचा तळतळाट देवाला रुचला नाही.

या कथेचे तात्पर्य भक्तिभावाच्या अंगाने नेहमी सांगितले जाते. वस्तूच्या अंगाने पाहिले तर वेगळी रचना दिसते. राजाच्या आज्ञेत दूध हे केवळ परिमाण आहे. ते कोणाच्याही घरचे असले तरी सारखेच. म्हातारीच्या खुल्यातील दुधाला मात्र एक क्रम आहे. ते कोणाला आधी मिळाले, कोणाला नंतर आणि देवाच्या वाट्याला शेवटी काय उरले, हा तो क्रम. वस्तूचा अर्थ तिच्या वाटपात असतो, असे ही कहाणी सांगते. 'खुला' या लहान भांड्याचे नाव कहाणीच्या नावात येते ते अलंकरणासाठी नव्हे. देवळातील गाभारा आणि हातातील खुला ही दोन मापे समोरासमोर ठेवल्यावाचून कथा उभीच राहत नाही.

ऐकणारीच्या घरीही त्या दिवशी दूध असते. मुले असतात, बहुधा गोठाही असतो. कहाणीतील वस्तू आणि ऐकणारीची वस्तू यांत अंतर नसते, म्हणून वर्णनाची गरज पडत नाही. वस्तूचा उच्चार पुरेसा होतो. चातुर्मासाच्या छापील पुस्तकांतून आज ही कहाणी एकट्याने वाचणाऱ्या वाचकाला तिची भाषा उघडीबोडकी वाटते याचे कारण हेच. तिचे अर्धे वर्णन ऐकणारीच्या घरात राहून गेलेले आहे. अर्थात हे मंडळही सर्वांना खुले नव्हते. कोणाच्या ओटीवर कोणी बसावे, हे जातीने ठरवलेले होते. वाटपाचा विचार करणारी कहाणी ऐकणाऱ्यांच्या निवडीचा विचार करीत नाही, ही तिची मर्यादा पुढे महत्त्वाची ठरते.

३

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचनाला नवा ऋतू मिळाला. ही घटना वाङ्मयीन नियतकालिकांच्या इतिहासात नोंदली जाते. वाचनाच्या इतिहासात तिचे स्थान त्याहून मोठे आहे. चातुर्मासातील वाचन व्रताचा भाग होते. दिवाळीतील वाचन सणाचा, म्हणजे उपभोगाचा, भाग झाले. नवे कपडे, फराळ आणि उटणे यांच्या ओळीत अंक येऊन बसला. पुढे दिवाळी अंकांची संख्या शेकड्यांत गेली. एकट्या कुटुंबाने ते सारे विकत घेणे अशक्य होते, म्हणून वाचनालयांनी दिवाळी अंकांची योजना सुरू केली. वेगळी वर्गणी भरावी आणि त्यानंतरचे काही आठवडे अंक आळीपाळीने घरी न्यावेत, अशी तिची साधी पद्धत आहे. कचेऱ्यांतून आणि वसाहतींतून चारचौघांनी पैसे जमवून अंक घ्यायचे व फिरवायचे, हे तिचेच खासगी रूप. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर अनुदानित वाचनालयांचे जाळे लहान गावांपर्यंत पसरले. दिवाळी अंकाचा वाचक घडवण्यात संपादकांइतकाच या वाचनालयांचा वाटा आहे.

वाचनालयाच्या योजनेमुळे वाचनाला विशिष्ट गती येते. अंक ठरलेल्या दिवसांत परत करावयाचा असतो. दीर्घ कादंबरी मागे राहते. कथा, व्यक्तिचित्र आणि ललित लेख आधी वाचले जातात. 'अमक्यातला तमका लेख वाचला का?' या प्रश्नाने वाचनालयाच्या टेबलाशी चर्चा सुरू होते. नित्याच्या वस्तूंवरील लेखाला या व्यवस्थेत हक्काची जागा मिळाली. जुने घर, आजीची फडताळातली डबी, बंबाची ऊब हे विषय कार्तिकातल्या वाचकासमोर वारंवार येत राहिले. अंकाचा खर्च मुख्यतः जाहिरातींतून भागत असल्याने लेखातील हरवलेला तांब्या आणि समोरच्या पानावरील नवे भांडे यांचा शेजार अटळ झाला. रोलाँ बार्थ यांनी १९५४ ते १९५६ या काळात दरमहा लिहिलेल्या आणि १९५७ मध्ये ग्रंथरूप दिलेल्या लेखांत साबणाची पूड, खेळणी, मद्य अशा वस्तू घेतल्या त्या याच शेजाराचा उलगडा करण्यासाठी. मराठी ललित लेखाने मात्र समोरच्या पानाकडे पाहिलेच नाही. विकत मिळणाऱ्या वस्तूंच्या मध्ये बसून त्याने विकत न मिळणाऱ्या वस्तूचे स्मरण केले.

या लेखाचा घाट दिवाळी अंकाने घडवला नाही. तो आधीच तयार होता. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ना. सी. फडके यांनी लघुनिबंध रूढ केला आणि १९३३ मध्ये त्यांचा 'गुजगोष्टी' हा संग्रह आला. हे नावच बोलके आहे. गूज दोघांतच होते. ओटीवरच्या मंडळाच्या जागी एक लेखक आणि एक वाचक आला. इंग्रजी व्यक्तिनिष्ठ निबंधाच्या वळणावर या प्रकाराने एक तंत्र सिद्ध केले. वस्तू किंवा लहानसा प्रसंग घ्यावा, त्याच्या निमित्ताने 'मी'ने आपल्या आवडीनिवडी सांगाव्यात, वाटेत एखादा विरोधाभास खुलवावा आणि शेवटी किंचित गंभीर व्हावे. वि. स. खांडेकर आणि अनंत काणेकर यांनी या घाटात आपापल्या प्रकृतीप्रमाणे बदल केले. काणेकरांनी त्याला सामाजिक उपरोधाची धार दिली. तरीही वस्तूचे स्थान निमित्ताचेच राहिले. छत्रीच्या जागी काठी ठेवली तरी निबंधाचा डौल बिघडत नाही, हे त्या प्रकाराच्या यशाचे गमक होते आणि त्याच्या ऱ्हासाचे कारणही. खुल्याच्या जागी घागर ठेवली तर मात्र कहाणी कोसळते.

लघुनिबंधाचा 'मी' आत्मरत होता, ही टीका पूर्वीपासून झालेली आहे. ती खरी असली तरी अपुरी आहे. त्या 'मी'ने वाचकाचे घर आपल्या घरासारखेच आहे असे धरून चालावे, ही अधिक गंभीर गोष्ट होती. गूज ज्याच्याशी करायचे तो समान अभिरुचीचाच नव्हे, तर समान स्वयंपाकघराचा आणि समान दिवाणखान्याचा असावा लागतो. दिवाळी अंकाने या गृहीताला व्यवहाराचा आधार दिला. वर्गणी भरणारा, दिवाळी साजरी करणारा, सुटीत अंक घेऊन आरामात बसणारा वाचक प्रत्यक्षात होताच. त्यामुळे गृहीत हे गृहीत आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

४

दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र' (१९५६) या पुस्तकाने लघुनिबंधाच्या चौकटीला वेगळ्या बाजूने छेद दिला. बारा महिन्यांवरील या लेखांत पंचांग हीच रचना आहे. झाडाची पालवी, किड्यांची हालचाल, ढगांचा रंग, फुलाचा वास यांची नोंद महिन्याच्या क्रमाने येते. लेखिकेचे संस्कृत वाङ्मयाचे वाचन, लोकसाहित्याचा व्यासंग आणि डोळ्यांनी केलेले निरीक्षण या तिन्हींचा मेळ त्या नोंदीत असतो. 'मी' आहे, पण तो वस्तूच्या मागे उभा असतो. पळसाच्या जागी पांगारा ठेवून चालणार नाही, हे येथे प्रत्येक ओळीला लागू पडते. वस्तू निमित्त राहिली नाही, हा 'ऋतुचक्रा'चा पहिला विशेष.

दुसरा विशेष वाचनाशी संबंधित आहे. हे पुस्तक सलग वाचता येते. पण त्या त्या महिन्यात ते ते प्रकरण काढून वाचण्याचा मोह अनेकांना होतो. वाचक खिडकीबाहेर पाहून पुस्तकाचा पडताळा घेऊ शकतो आणि पुस्तकावरून खिडकीबाहेर काय पाहावे हे शिकू शकतो. विक्टर श्क्लोव्स्की यांनी १९१७ मध्ये मांडलेल्या अपरिचितीकरणाच्या सिद्धांतानुसार कला परिचित वस्तूला अनोळखी करते आणि सवयीने बोथटलेली जाणीव पुन्हा जागी करते. 'ऋतुचक्रा'ची प्रक्रिया काहीशी उलट आहे. शहरी वाचकाला अनोळखी झालेली वस्तू ते पुन्हा ओळखीची करून देते. दोन्हींचा परिणाम एक, म्हणजे वस्तू दिसू लागणे. पण दिशा भिन्न. नित्याच्या वस्तूंवरील मराठी गद्याचे विवेचन केवळ अपरिचितीकरणाच्या सूत्राने करता येत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

'ऋतुचक्रा'तील वस्तू मुख्यतः निसर्गाने घडवलेल्या आहेत. माणसाने घडवलेली वस्तू, तिच्यातील श्रम आणि त्या श्रमाची किंमत हा त्या पुस्तकाचा विषय नव्हे. त्यात नसलेल्या गोष्टीबद्दल त्याला दोष देणे अनुचित ठरेल. परंतु समीक्षेने 'ऋतुचक्रा'ला ललित गद्याचा मानदंड ठरवले तेव्हा एक पंचांग सर्वांचे पंचांग मानले गेले. निसर्गाचा ऋतू सर्वांवर सारखाच येतो. सणाचा ऋतू तसा येत नाही. हा भेद त्या मानदंडातून निसटला.

५

हा भेद मराठी वाङ्मयात पुढे आणला तो दलित आत्मकथनांनी. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या पुस्तकाचे शीर्षकच वाटपाच्या व्यवस्थेचे नाव आहे. या आत्मकथनांची चर्चा वेदना, विद्रोह आणि भाषा या अंगांनी पुष्कळ झाली. नित्याच्या वस्तूंचे गद्य म्हणून ती क्वचितच वाचली गेली. जणू वस्तूंविषयी लिहिण्यासाठी लागणारी फुरसत हेच त्या प्रकाराचे लक्षण होते आणि ज्यांना फुरसत नव्हती त्यांच्याजवळ वस्तूही नव्हत्या.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये आषाढाचे जे वर्णन येते ते येथे निर्णायक ठरावे. घरे सारवणे, न्हाणेधुणे, देवदेवस्कीची गडबड यांमुळे आषाढ हा महारवाड्यातील वाट पाहायला लावणारा महिना होता, असे चित्र त्या उभे करतात. पंचांगात हाच महिना चातुर्मासाच्या उंबरठ्यावरचा. मध्यमवर्गीय घरात तो मंगलकार्याला वर्ज्य मानलेला. महिना तोच, शेण-माती तीच, पाणी तेच. पण वर्षाचा आनंद कोणत्या पानावर लिहायचा हे वेगळे. कार्तिकातल्या दिवाळी अंकाचा वाचक हा आषाढ वाचतो तेव्हा त्याला केवळ नवी माहिती मिळत नाही. आपला ऋतू हा अनेक ऋतूंपैकी एक आहे, याची जाणीव त्याला होते. ही जाणीव देणे हे वस्तुनिष्ठ गद्याचे मोठे वाङ्मयीन कार्य आहे. ते केवळ समाजशास्त्रीय दस्तऐवजाचे काम नव्हे.

ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनात हा विचार वस्तूच्या पातळीवर पूर्णत्वाला जातो. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या सूप, रोवळी, टोपली अशा वस्तू. इतरत्र हे काम बुरुडांचे मानले जाते. कोकणात ते महार समाजाकडे होते. वडिलांच्या मृत्यूनंतर लेखिकेची आई आयदाने विणून घर चालवते. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांतला दुःखाचा समान धागा लेखिकेने स्वतःच सांगितला आहे. या साम्यामुळे समीक्षक विणीच्या रूपकाकडे वळतात. तसे वळणे सोपे आहे आणि म्हणून थोडे धोक्याचेही. रूपक झाले की टोपली पुन्हा निमित्त होते. 'आयदान'मधील बांबू मात्र आधी तोडावा लागतो, तासावा लागतो, त्याच्या पाती काढाव्या लागतात. त्या हाताला कापतात. विकलेल्या सुपाचे पैसे मोजके असतात. रूपकाच्या आधी हा हिशेब आहे.

त्या हिशेबातील एक प्रसंग नित्याच्या वस्तूंवरील सगळ्या मराठी गद्याची दुसरी बाजू दाखवतो. लहानपणी विणलेल्या वस्तू सवर्णांच्या घरी पोचवायला गेल्यावर मुलीला दाराबाहेर उभे केले जाई. वस्तूवर पाणी शिंपडून ती घरात घेतली जाई आणि पैसे वरून हातात टाकले जात. लघुनिबंधातील स्वयंपाकघरात जे सूप भिंतीला टेकून उभे असते, ते असे उंबरठा ओलांडून आलेले असते. आतल्या माणसाला ते नित्याचे. त्यावर पाणी शिंपडणे हेही नित्याचे. म्हणूनच दोन्ही त्याच्या लेखनात येत नाहीत. सूप येते, पाणी येत नाही. नित्यपणाचे वाङ्मयीन कार्य केवळ दाखवण्याचे नसून लपवण्याचेही असते, हे येथे स्पष्ट होते. पाणी शिंपडल्याने वस्तू पवित्र होते, अशी आतल्यांची समजूत. वाङ्मयीन भाषेत बोलावयाचे तर त्या शिंपडण्याने वस्तूवरील कारागिराची खूण पुसली जाते आणि ती 'आमच्या घरातली वस्तू' होते. ललित लेखाने तिच्यावर घातलेला स्मरणाचा गंधही पुष्कळदा हेच काम करतो.

खुलभर दुधाच्या कहाणीशी याची तुलना केली तर दोन टोके जुळताना दिसतात. कहाणीने वस्तूचा अर्थ तिच्या वाटपात पाहिला; 'आयदान'ने तो तिच्या घडणीत आणि देवघेवीत पाहिला. मधल्या काळातील लघुनिबंधाने वाटपही सोडले आणि घडणही. त्याने वस्तूचा फक्त सहवास ठेवला.

६

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला सौंदर्यवादी भूमिकेतून येईल. बा. सी. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) पासून दृढ झालेल्या धारणेप्रमाणे कलाकृतीचे मूल्य तिच्या अंतर्गत लयबद्ध संघटनेत असते. ती कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्गणीतून वाचली गेली हा बाह्य तपशील होय. या आक्षेपातील सत्यांश मान्य केला पाहिजे. वाचकमंडळाच्या इतिहासाने सुमार लेख थोर ठरत नाही. परंतु ललित गद्याच्या बाबतीत अंतर्गत संघटना ठरवतानाच वाचकाचे घर उपयोगात आणलेले असते. किती वर्णन करावे, काय गाळावे, कोणता शब्द स्पष्ट करावा आणि कोणता न करावा, हे निर्णय घाटाचे आहेत. आणि ते मंडळ समोर ठेवूनच घेतले जातात. 'आयदान' या शब्दाचा अर्थ लेखिकेला सांगावा लागला. 'दिवाणखाना' या शब्दाचा अर्थ कोणत्याही लघुनिबंधकाराला सांगावा लागला नाही. हा भेद संहितेच्या आतला आहे.

दुसरा आक्षेप देशीवादी बाजूने येऊ शकेल. कहाणी, चातुर्मास, पंचांग हे सारे देशी, लघुनिबंध परका, तेव्हा ऋतुनिबद्ध वाचनाचे पुनरुज्जीवन करावे, असा निष्कर्ष कोणी काढील. तो येथे अभिप्रेत नाही. ओटीवरचे मंडळ देशी होते आणि उंबरठ्यावर पाणी शिंपडणेही देशीच होते. परंपरेची थोरवी सांगताना तिच्या बैठकीत कोणाला जागा नव्हती हे सांगणे टाळता येत नाही. उलट दिवाळी अंकाची व्यवस्था आधुनिक आणि व्यापारी असली तरी तिने वाचन वर्गणीवर आणले. वर्गणी जात विचारीत नाही. ती पैसा विचारते, हे खरे. पण ओटीपेक्षा हे मंडळ वाढू शकणारे होते. गेल्या काही दशकांत दलित, ग्रामीण आणि स्त्री-लेखन याच अंकांतून पुष्कळ वाचकांपर्यंत गेले, हे विसरून चालणार नाही. प्रश्न ऋतू असावा की नसावा हा नाही. एकाच ऋतूने बाकीच्यांचे ऋतू झाकावेत काय, हा आहे.

७

या विवेचनातून ललित गद्याच्या अभ्यासासाठी काही कार्यदिशा निघतात. नित्याच्या वस्तूंवरील लेख तपासताना वस्तू बदलून पाहण्याची कसोटी लावावी. बदलूनही लेख तसाच राहत असेल तर वस्तू निमित्त आहे. ती कोणी घडवली, कोणत्या मापाने वाटली आणि कोणत्या उंबरठ्यावरून आत आली, यांपैकी काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे, ते पाहावे. लेख प्रथम कोणत्या नियतकालिकात, वर्षातल्या कोणत्या काळात आला, हे ग्रंथरूप संग्रहांतून बहुधा नाहीसे झालेले असते. ते शोधून काढणे हे सूचिकाराचे काम मानून सोडून देऊ नये. मनोरंजनातील, 'सत्यकथे'तील किंवा 'मौजे'च्या दिवाळी अंकातील लेख जाहिरातींसह, त्याच्या मूळ शेजारात वाचणे हे समीक्षेचेच काम आहे.

पदव्युत्तर वर्ग हेही एक ऋतुनिबद्ध वाचकमंडळच आहे. जूनमध्ये भरते, परीक्षेबरोबर विसर्जित होते. ठरावीक पुस्तके ठरावीक काळात वाचते आणि वाचलेल्याविषयी लिहिते. त्याचाही एक गृहीत वाचक असतो, प्रश्नपत्रिकेने घडवलेला. या मंडळात लघुनिबंध एका घटकात आणि दलित आत्मकथन दुसऱ्या घटकात नेमले जाते. त्यामुळे 'गुजगोष्टी'तील घर आणि 'आयदान'मधील उंबरठा एकमेकांना कधी भेटत नाहीत. वाङ्मयप्रकारांच्या कप्प्यांनी केलेले हे विभाजन सोयीचे आहे, निष्पाप नाही. ही दोन पुस्तके एका आठवड्यात, एका टेबलावर ठेवून वाचली आणि विद्यार्थ्याला आपल्या घरातील एका सुपाविषयी किंवा टोपलीविषयी लिहावयास सांगितले, तर पहिल्या परिच्छेदातच कळेल की तो कोणत्या बाजूने लिहितो आहे. काहींच्या लेखनात सूप भिंतीशी असेल, काहींच्या लेखनात ते मांडीवर अर्धे विणलेले असेल. दोन्ही लेख मोठ्याने वाचले जाणे आणि दोन्ही लिहिणाऱ्यांनी ते ऐकणे, एवढ्याने समीक्षेचे काम संपत नाही. पण त्यावाचून ते सुरूही होत नाही.